आठ कॅमेऱ्यांच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर कोणता घ्यावा?

काका, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला राजेंद्रनगरमध्ये स्वतःचं घर, खाली तुम्ही दोघं, वर भाडेकरू, मुलगा पुण्याला आणि मुलगी बंगळुरूला. ४ मेगापिक्सेलचे आठ आयपी (नेटवर्कच्या तारेवर चालणारे) कॅमेरे लावायचं ठरलंय. तयार एनव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा) डबा न घेता कॉम्प्युटर जोडायचा आहे, म्हणजे मुलांना तिकडून रेकॉर्डिंग नीट शोधता येईल आणि मांजर फिरलं म्हणून रात्री दोनला फोन वाजणार नाही, माणूस आला तरच वाजेल. दुकानातून आय७, वेगळं ग्राफिक कार्ड आणि १६ जीबी रॅम असं कोटेशन मिळालं. एवढं खरंच लागतं का, की एखादा जुना आय५ पुरेल?

जुना आय५ पुरेल, पण कुठलाही जुना नाही. आठव्या पिढीचा किंवा पुढचा, आणि ज्याच्या आतच ग्राफिक आहे असाच. नवं घ्यायचं असेल तर बाराव्या पिढीचा आय३ भरपूर झाला. आय७ची गरज नाही आणि ग्राफिक कार्ड तर मुळीच नको. निर्णयापुरतं उत्तर एवढंच आहे. पण कारण कळलं तर दुकानात कुणी नको ते गळ्यात मारू शकणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळा गोंधळ एका समजुतीतून होतो: आठ कॅमेऱ्यांचं चित्रण कॉम्प्युटर करतो, म्हणून तो ताकदवान हवा. तसं नसतं. आयपी कॅमेऱ्याच्या आत स्वतःची चिप असते. चित्र घेणं, ते एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने दाबून लहान करणं, हे जड काम कॅमेराच करतो आणि तयार माल तारेवरून पाठवतो. कॉम्प्युटरने तो जसाच्या तसा डिस्कवर लिहिला तर प्रोसेसरला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. बंद पाकीट आलं आणि न उघडता कपाटात ठेवलं, इतकंच. नुसतं रेकॉर्डिंगच हवं असेल तर दहा वर्षांपूर्वीचा साधा प्रोसेसरसुद्धा आठ कॅमेरे सांभाळतो. जुन्या डीव्हीआरच्या काळात, म्हणजे कोअॅक्सिअल तारेच्या अॅनालॉग कॅमेऱ्यांत, चित्र दाबण्याचं काम डब्यात किंवा कॉम्प्युटरमधल्या कार्डवर व्हायचं. ‘जास्त कॅमेरे म्हणजे मोठा प्रोसेसर’ हे गणित बहुधा तिथूनच लोकांच्या डोक्यात राहिलं आहे.

प्रोसेसरला घाम फुटतो तो पाकीट उघडावं लागतं तेव्हा. म्हणजे तीन वेळा. पडद्यावर चित्र बघताना, चित्रात हालचाल आहे का ते तपासताना, आणि हललेली गोष्ट माणूस आहे की कुत्रा हे ओळखताना. या तिन्हींसाठी दाबलेलं चित्र आधी उलगडावं लागतं, त्याला डिकोड म्हणतात. पहिलं काम तुम्ही टीव्हीसमोर बसाल तेव्हाच असतं. दुसरं आणि तिसरं मात्र चोवीस तास, आठही कॅमेऱ्यांवर. खरा हिशोब त्यांचाच करायचा.

तो करूनच दाखवतो. ४ मेगापिक्सेल म्हणजे २५६० बाय १४४०, एका फ्रेममध्ये ३६,८६,४०० पिक्सेल. सेकंदाला १५ फ्रेम, आठ कॅमेरे, म्हणजे सेकंदाला ४४ कोटींहून जास्त पिक्सेल उलगडायचे. हे काम प्रोसेसरच्या कोरांवर, म्हणजे हिशोब करणाऱ्या त्याच्या मुख्य भागांवर, टाकलं तर चार कोरांचा जुना प्रोसेसर नक्कीच धापा टाकेल, आणि मग दुकानदार म्हणेल, ‘सांगितलं होतं ना, आय७ घ्या.’

पण जवळपास प्रत्येक आयपी कॅमेरा एकाच वेळी दोन प्रवाह देतो. मेनस्ट्रीम म्हणजे पूर्ण दर्जाचा, आणि सबस्ट्रीम म्हणजे त्याच दृश्याचा लहान, हलका. सबस्ट्रीम ६४० बाय ४८० ठेवला तर एका फ्रेममध्ये ३,०७,२०० पिक्सेल, म्हणजे बारावा हिस्सा. त्याचा वेग सेकंदाला ५ फ्रेम केला तर आठ कॅमेऱ्यांचे मिळून सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल होतात. ४४ कोटींच्या जागी सव्वा कोटी, छत्तीस पट कमी. हालचाल आणि ओळख सबस्ट्रीमवर तपासायची, रेकॉर्डिंग मेनस्ट्रीमचं न उलगडता डिस्कवर उतरवायचं. ब्लू आयरिस आणि फ्रिगेट, या कामाची दोन्ही नावाजलेली सॉफ्टवेअर, हे व्यवस्थित करतात. चोर दिसला तर पुराव्याचं चित्र पूर्ण ४ मेगापिक्सेलचंच मिळतं. नजर ठेवण्याचं काम तेवढं लहान चित्रावर होतं. प्रोसेसरवर जास्तीचे वीस हजार खर्च करून जे मिळणार नाही, ते या एका सेटिंगमधून फुकट मिळतं.

एक अपवाद आहे. फाटक कॅमेऱ्यापासून लांब असेल तर ६४०च्या चित्रात तिथला माणूस इतका बारीक दिसतो की सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही. अशा एखाद्या कॅमेऱ्याचा सबस्ट्रीम १२८० बाय ७२० करायचा. बहुतेक कॅमेऱ्यांत तशी सोय असते, काहींत ती तिसऱ्या प्रवाहात दडलेली असते. सगळ्या आठांना असं करायचं कारण नाही. तुमच्या घराला पुढचं अंगण मोठं आहे म्हणालात, म्हणजे फार तर एक-दोन कॅमेरे.

आता प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकबद्दल. इंटेलच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाचा एक वेगळा भाग असतो, २०११च्या दुसऱ्या पिढीपासून. त्याचं कामच मुळी व्हिडिओ दाबणं आणि उलगडणं. कोरांनी तेच काम केलं तर त्यांना घाम फुटतो आणि वीज जळते; हा भाग ते थोड्याशा विजेत करतो. पण प्रत्येक पिढीचा क्विक सिंक सारखा नाही. एच.२६५ उलगडण्याची पूर्ण सोय आली ती सहाव्या पिढीत, २०१५ साली. चौथ्या पिढीच्या आय५-४५७०सारख्या मशीन जुन्या बाजारात ढिगाने आणि स्वस्तात मिळतात. त्या एच.२६४ सहज उलगडतात, पण एच.२६५ आला की सगळा भार कोरांवर. तुमचे नवे कॅमेरे एच.२६५ पाठवणार, त्यामुळे ही स्वस्ताई कामाची नाही.

मग सहावी-सातवी पिढी का सांगत नाही? विंडोजमुळे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला एखाद-दुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. घराचे कॅमेरे ज्या मशीनवर आहेत आणि जी सतत नेटला जोडलेली आहे, तिच्यावर सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं विंडोज ठेवायला मी कुणालाच सांगणार नाही. मुलगा लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरतात ती मोफत सिस्टिम) फ्रिगेट चालवणार असेल तर सातवी पिढीही चालेल, विंडोज ठेवणार असाल तर आठवीच्या खाली जाऊ नका.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षरापाशी. आय३-१२१०० आणि आय३-१२१००एफ हे दोन वेगळे प्रोसेसर आहेत. ‘एफ’ असला की आतलं ग्राफिक बंद, म्हणजे क्विक सिंकही नाही. एफवाला थोडा स्वस्त पडतो, म्हणून दुकानातल्या तयार जोडणीत तोच असतो, आणि पडद्यावर चित्र तर यायला हवं म्हणून सोबत जीटी ७१० किंवा तशाच जातीचं स्वस्त कार्ड दिलेलं असतं. कोटेशनवर ‘ग्राफिक कार्डसहित’ वाचून गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी जास्तीचं मिळालं. प्रत्यक्षात जीटी ७१०ला एच.२६५ उलगडताच येत नाही. म्हणजे तुमच्या कामाचा भाग काढून घेतला आणि त्या कामाला निरुपयोगी कार्ड दिलं, जे वर चोवीस तास वीज खातं आणि ज्याचा पंखा धुळीने वर्षा-दोन वर्षांत कुरकुरायला लागतो. तुमचं कोटेशन एकदा नीट वाचा. आकड्यानंतर ‘एफ’ किंवा ‘केएफ’ दिसलं तर तो प्रोसेसर या कामासाठी बाद.

झिऑनच्या (इंटेलचा मोठ्या कामाच्या मशीनसाठीचा प्रोसेसर) जुन्या वर्कस्टेशनचंही तेच. बारा-चौदा कोर, ३२ जीबी रॅम, किंमत ऐकून हुरळून जायला होतं. पण ई५ मालिकेच्या त्या झिऑनांत ग्राफिक नसतं आणि नुसतं चालू राहायलाच ते भरपूर वीज ओढतात. महिनाभर चालणाऱ्या रेंडरिंगला ते उत्तम, तुमच्या घराला नको.

एएमडीचं विचाराल तर रायझन ५ ५६००जीसारखे ‘जी’ अक्षराचे प्रोसेसर एच.२६५ व्यवस्थित उलगडतात. वाईट मुळीच नाहीत. पण माणूस ओळखण्याचं काम आतल्या ग्राफिकवर चालवायचं असेल तर इंटेलकडे त्यासाठी ओपनव्हिनो नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि ते बसवणं फार सरळ आहे. अडचण आली तर मुलाला पुण्याहून फोनवर सांगून सोडवता यावी, या एका कारणासाठी मी इंटेलकडे झुकतो. एएमडीची मशीन घरात आधीच असेल तर तीच वापरा, नवी घेऊ नका.

तर नेमके कोणते? तुमच्यापुढे माझ्या मते तीन वाटा आहेत.

पहिली, आणि तुमच्या गरजेला माझ्या मते सर्वांत योग्य: आय५-८५०० असलेली कंपनीतून निघालेली जुनी मशीन. २०१८चा हा प्रोसेसर, ६ कोर, आत यूएचडी ६३० ग्राफिक. डेलची ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६०, एचपीची एलिटडेस्क ८०० जी४, लेनोव्होची थिंकसेंटर एम७२० या त्या पिढीच्या मशीन. आपल्याकडे आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलमध्ये विचारलंत तर अशा मशीन दाखवतात. त्यांचं सामान ऑफिसात वर्षानुवर्षं चालण्याच्या हिशोबाने बनवलेलं असतं आणि नुसत्या चालू असताना वीज फार कमी खातात. घेताना तळहाताएवढी छोटी घेऊ नका, तिच्यात मोठी साडेतीन इंची डिस्क बसत नाही. एसएफएफ म्हणतात तो मधला आकार घ्या, त्यात एक डिस्क बसते. दोन डिस्क हव्या असतील तर उभा टॉवर.

दुसरी वाट नवी जोडणी: आय३-१२१००, ‘एफ’शिवायचा. ४ कोर, ८ थ्रेड, आत यूएचडी ७३०. आय३ म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण या आय३चा एकेक कोर आठव्या पिढीच्या आय५च्या कोरापेक्षा बराच वेगवान आहे, आणि वॉरंटी मिळते. पुढे कॅमेरे सोळा होणार असतील आणि काही ४के असतील तर आय५-१२५०० बघा. त्याच्या यूएचडी ७७०मध्ये व्हिडिओ उलगडणारी इंजिनं दोन आहेत, १२१०० आणि १२४००मध्ये एकच. म्हणजे १२४०० घेऊन कोर वाढतात पण डिकोडची ताकद वाढत नाही. सहसा कुणी हा फरक सांगत नाही, आणि या कामात तोच महत्त्वाचा आहे.

तिसरी वाट इंटेल एन१००ची छोटी पेटी. २०२३मध्ये आलेला चार कोरांचा, ६ वॉटचा प्रोसेसर. डिकोड उत्तम करतो, आठ सबस्ट्रीम आणि माणूस ओळखणं एवढं लिनक्स-फ्रिगेटवर सुखाने पेलतो. विंडोज, ब्लू आयरिस, वर टीव्हीवर आठही कॅमेरे सतत उघडे, असं सगळं टाकलं तर मात्र दमतो. त्याची खरी अडचण डिस्कची आहे. बहुतेक पेट्यांत मोठी डिस्क बसत नाही, मग लोक यूएसबीने बाहेर डिस्क लटकवतात. चोवीस तासांच्या रेकॉर्डिंगला यूएसबी डिस्क माझ्या मते अयोग्य आहे. कधीतरी ती झोपी जाते, जोडणी तुटते, आणि नेमका त्याच रात्रीचा भाग नसतो. साटाची, म्हणजे आतच डिस्क थेट जोडायची, खरी जागा असलेली पेटी मिळाली तरच हा रस्ता धरा.

विजेबद्दल नीट बोलायला हवं, कारण ही मशीन कधीच बंद होणार नाही. सतत चालणारा प्रत्येक वॉट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं ते भर कामातलं माप आहे. निवांत असताना आजचा आय७सुद्धा आय३पेक्षा फार जास्त खात नाही, हे मान्य करायला हवं. फरक पडतो तो ग्राफिक कार्डाने, गरजेपेक्षा मोठ्या हलक्या प्रतीच्या पॉवर सप्लायने, आणि डिकोडचं काम कोरांवर पडल्याने. नीट बसवलेली आय५-८५०० किंवा आय३-१२१००ची मशीन डिस्कसकट साधारण ३५ वॉटमध्ये भागते, महिन्याला २५ युनिट. कार्ड लावलेली, आठ मेनस्ट्रीम कोरांवर उलगडणारी मशीन १०० वॉटला सहज पोचते, म्हणजे महिन्याला ७२ युनिट.

आपल्या मध्य प्रदेशात या फरकाला आणखी एक धार आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असला तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. त्याच्या वर गेलात की त्या महिन्याची सवलत गेली. समजा तुमच्या दोघांच्या घराला महिन्याला ९० युनिट लागतात. आठ कॅमेरे प्रत्येकी ५ वॉट धरले तर त्यांचीच २९ युनिटं होतात, ती टळत नाहीत. त्यात २५ मिळवली तर १४४, तुम्ही सवलतीत. ७२ मिळवली तर १९१, सवलत नाही. उन्हाळ्यात कूलर लागला की कुणाचंच बिल १५०च्या आत राहत नाही, पण थंडीचे आणि पावसाळ्याचे महिने वाचतात. स्वतःचं मागच्या वर्षाचं बिल काढून हा हिशोब करा.

माणूस ओळखण्याच्या कामाला ग्राफिक कार्ड लागतं असंही तुम्हाला सांगितलं गेलं. चेहऱ्यांची ओळख, गाड्यांच्या नंबर प्लेटा, पंचवीस-तीस कॅमेरे, असं असेल तर विचार करता येतो. तुमच्या कामासाठी यूएचडी ६३० किंवा ७३०वर ओपनव्हिनोने एक चित्र तपासायला साधारण १५ ते २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला पन्नासेक चित्रं. आठही कॅमेऱ्यांवर एकाच वेळी सतत हालचाल असली तरी सेकंदाला ४० चित्रं होतात, आणि एरवी बहुतेक वेळ दोन-तीन कॅमेऱ्यांपुढेच कुणीतरी असतं. खरी कसोटी गणपतीच्या दहा दिवसांत लागते, कॉलनीत रात्रीपर्यंत वर्दळ असते तेव्हा. तेवढीही गर्दी यात बसते. रस्त्याचा भाग मास्क करून, म्हणजे तपासणीतून झाकून, टाका, फाटकाच्या आतलं तेवढं तपासायला सांगा. भार निम्म्यावर येतो आणि फोनही उगाच वाजत नाही. कोरल नावाचं गुगलचं छोटं उपकरणही या कामासाठी लोक घेत असत. आता आतल्या ग्राफिकवरच भागतं, त्यामुळे नव्या जोडणीत मी ते सुचवत नाही. आणि कॅमेऱ्यातच माणूस-गाडी ओळखण्याची सोय असेल तर तीच वापरून सॉफ्टवेअरला नुसता इशारा घ्यायला सांगता येतं. मग प्रोसेसरला आणखीच कमी काम.

कॅमेऱ्यांच्या सेटिंगमधल्या काही गोष्टी प्रोसेसरइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मेनस्ट्रीम एच.२६५ ठेवा, सबस्ट्रीम एच.२६४. कारण मुलं फोनवर किंवा ब्राउझरमध्ये बघतील तेव्हा एच.२६५ सगळीकडे चालत नाही. मग मशीनला चित्र पुन्हा दाबून पाठवावं लागतं, आणि उलगडणं अधिक दाबणं असा दुप्पट भार पडतो. रोजची नजर सबस्ट्रीमवर, नीट बघायचं असेल तेव्हाच मेनस्ट्रीम. दुसरं, एच.२६५ प्लस किंवा स्मार्ट कोडेक असं काही चालू असेल तर बंद करा. डिस्क वाचवण्यासाठी तो पूर्ण चित्राची फ्रेम, जिला आय-फ्रेम म्हणतात, ती खूप वेळाने पाठवतो. त्यामुळे घटनेची सुरुवातच रेकॉर्डिंगमधून निसटते आणि चित्र उघडायलाही वेळ लागतो. आय-फ्रेमचं अंतर फ्रेमच्या वेगाएवढंच ठेवा: १५ फ्रेम असेल तर १५, म्हणजे सेकंदाला एक पूर्ण चित्र. तिसरं, सेकंदाला २५ फ्रेमचा हट्ट नको. घरासाठी १५ पुरतात, आणि रेकॉर्डिंग, नेटवर्क, डिकोड सगळंच हलकं होतं.

रॅम ८ जीबी पुरते, १६ घेतली तर निवांत. पण १६ घेणार असाल तर ८-८च्या दोन पट्ट्या लावा. आतलं ग्राफिक मशीनचीच रॅम वापरतं, आणि दोन पट्ट्यांनी त्याला रस्ता दुप्पट रुंद मिळतो. जुन्या मशीनमध्ये सहसा एकच पट्टी असते, ती बघून घ्या.

आय७मधून वाचलेले पैसे डिस्कवर घाला. कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर दिवसाला एका कॅमेऱ्याचे ४३ जीबी, आठांचे साधारण ३४५ जीबी. ४ टीबी डिस्क अकरा दिवसांत भरते आणि मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. वर्षाला हे लिखाण १२६ टीबी होतं. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या पाळतीच्या डिस्क वर्षाला १८० टीबी लिखाणासाठी बनवलेल्या आहेत. घरगुती साधी डिस्क या माऱ्याखाली फार टिकत नाही. विंडोज आणि सॉफ्टवेअर वेगळ्या एसएसडीवर, रेकॉर्डिंग फक्त या डिस्कवर. तुम्हाला महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर १२ टीबी लागेल, किंवा बिटरेट (वर सेकंदाला ४ मेगाबिट धरला तो) थोडा उतरवून ८ टीबीत बसवता येईल. पावसात आणि रात्री बिटरेट चढतो, कारण पावसाच्या धारा आणि अंधारातला चित्राचा खरखरीतपणा हे दोन्ही कॅमेऱ्याला हालचालच वाटतात, म्हणून हिशोब काठोकाठ करू नका.

जागा कुठली देणार आहात? माळ्यावर नको, पत्र्याखाली तर नकोच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माळ्यावरची हवाच पंचेचाळीसला टेकते, मग डिस्क पन्नासच्या पुढे जाते. बंद लाकडी कपाटातही नको. बैठकीच्या एका कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच, मागे हवा खेळेल अशी ठेवा. होळीच्या आणि दिवाळीच्या सफाईला मशीन उघडून ब्लोअरने धूळ काढायची. सोबत यूपीएस, ज्यावर मशीन, पीओई स्विच (एकाच तारेतून कॅमेऱ्यांना वीज आणि नेटवर्क देणारा डबा) आणि वायफायचा डबा तिन्ही असतील. मशीन चालू आणि स्विच बंद असेल तर कॅमेरे आंधळेच. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती पहिल्याच दिवशी लावून घ्या, नाहीतर तुम्ही पुण्याला असताना वीज गेली की मशीन बंदच पडून राहील. मुलांना बाहेरून बघायला राउटरचं पोर्ट उघडं करू नका. टेलस्केलसारखं खासगी जोडणीचं सॉफ्टवेअर लावा. ते सुरक्षित आहे, आणि नेट कंपनीने खरा, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा, आयपी पत्ता दिला नसला तरी चालतं.

मशीन घ्यायला जाल तेव्हा पेनड्राइव्हमध्ये एच.२६५ची एक खरी कॅमेरा-क्लिप घेऊन जा, कॅमेरेवाल्याकडून मिळेल. दुकानात व्हीएलसीमध्ये तीच क्लिप चार खिडक्यांत एकदम चालवा आणि टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिकच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर जायला हवा आणि प्रोसेसरचा आकडा खालीच राहायला हवा. उलटं झालं, म्हणजे डिकोड शून्यावर आणि प्रोसेसर सत्तर-ऐंशीवर, तर आधी ड्रायव्हर टाकून पुन्हा बघायला सांगा. तरीही तसंच राहिलं तर ती मशीन घेऊ नका, मग तिच्यावर आय७ लिहिलेलं असो की आय९.

घरी लावल्यावर आठही कॅमेरे चालू असताना, टीव्हीवरचं चित्र बंद करून, रात्रीच्या वेळी प्रोसेसरचा आकडा बघा. आय५-८५००वर तो वीस-तीस टक्क्यांच्या आत असायला हवा. पन्नासच्या वर राहत असेल तर जवळपास नक्की एखादा कॅमेरा सबस्ट्रीमऐवजी मेनस्ट्रीमवर तपासला जातोय. एकेक कॅमेरा बंद करत जा, ज्याने आकडा एकदम उतरेल त्याच्या सेटिंगचा फोटो काढून मला पाठवा.